ऑप्ट्यून: डोक्याला चिकटवून फिरायचं ब्रेन ट्यूमरचं मशीन, वापरणाऱ्या घरातला रिव्ह्यू

ऑप्ट्यून घ्यायचं की नाही हे ठरवत होतो तेव्हा मराठीत वाचण्यासारखं मला काहीच मिळालं नव्हतं म्हणून लिहितेय. थोडं मोठं होणारे, कारण ज्यांच्यावर हे वाचायची वेळ आलीय त्यांना "चांगलं आहे, घ्या" एवढं सांगून काही होत नाही.

माझ्या मोठ्या भावाला ग्लिओब्लास्टोमा आहे, जीबीएम म्हणतात तो मेंदूचा कॅन्सर, ग्रेड ४, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. आम्ही सगळे न्यू जर्सीत, दादा-वहिनीचं घर जवळच आहे. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या, आणि रेडिएशन संपल्यावर हे मशीन सुरू केलं. वहिनीची शिफ्टची नोकरी, त्यामुळे दादाचं डोकं तासायचं आणि पट्ट्या बदलायचं काम बरंचसं माझ्याकडे आलं. मी डॉक्टर नाही. जे आकडे देतेय ते छापून आलेल्या ट्रायल्सचे आहेत, आणि आमच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे बसून ते आम्हाला समजावलेत.

आधी हे मशीन कशासाठी आलं ते सांगते. जीबीएममध्ये ऑपरेशनने दिसतो तेवढा ट्यूमर काढतात पण त्याच्या पेशी आजूबाजूच्या मेंदूत शिरलेल्या असतात, म्हणून तो परत येतो. २००५ साली स्टुप नावाच्या डॉक्टरांची ट्रायल आली, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड द्यायची, ५७३ पेशंट होते. नुसत्या रेडिएशनवर मीडियन (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगतात तो आकडा) १२.१ महिने आयुष्य होतं ते १४.६ झालं. अडीच महिने! पण दोन वर्षांनी जिवंत असलेले लोक १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले आणि ती खरी मोठी गोष्ट होती. आजही जगभर तीच ट्रीटमेंट पहिली देतात. त्यानंतर किती औषधं आली, ट्रायलमध्ये गेली आणि पडली. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा जो पहारा असतो, ब्लड ब्रेन बॅरियर, त्यातून बहुतेक औषधं आत जातच नाहीत, आणि ट्यूमरही एकसारखा नसतो, एकाच गाठीत वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी असतात, एक औषध काहींना मारतं आणि बाकीच्या वाढत राहतात. म्हणून औषधाऐवजी विजेचं क्षेत्र वापरायची कल्पना मला पहिल्यांदा ऐकली तेव्हाही पटली होती, कारण विजेच्या क्षेत्राला त्या पहाऱ्याची अडचण नाही.

ही कल्पना इस्रायलच्या योराम पाल्टी यांची, टेक्निऑनमधले फिजिऑलॉजीचे प्रोफेसर. त्यांनी २००० साली नोव्होक्युअर कंपनी काढली. पेशी दुभंगताना आत धाग्यांची एक चौकट तयार होते, ते धागे क्रोमोसोम दोन्हीकडे ओढतात, रस्सीखेच असते तसं. हे धागे ज्या प्रोटीनचे बनतात त्याला विजेचा भार असतो, आणि बाहेरून दिशा बदलणारं सौम्य क्षेत्र दिलं, जीबीएमसाठी २०० किलोहर्ट्झ, तर ते प्रोटीन नीट जुळत नाहीत, दुभंगणं अर्धवट राहतं आणि पेशी मरते. मेंदूच्या आपल्या नेहमीच्या पेशी सहसा दुभंगत नाहीत म्हणून त्यांना फारसं काही होत नाही. झटका वगैरे बसत नाही, एवढ्या फ्रिक्वेन्सीला नसा प्रतिसाद देत नाहीत. बऱ्याच नातेवाईकांना वाटलं शॉक देतात, तर नाही, काहीच जाणवत नाही, फक्त पट्ट्यांखाली कोमट लागतं.

आता प्रत्यक्षात घरात काय येतं. चार पट्ट्या, त्यांना अ‍ॅरे म्हणतात, प्रत्येकीवर सिरॅमिकच्या नऊ चकत्या, खाली जेलचा थर आणि चिकटपट्टी. दोन समोरासमोर पुढे-मागे, दोन डावी-उजवीकडे, म्हणजे क्षेत्र दोन दिशांनी आळीपाळीने जातं. कुठली पट्टी नेमकी कुठे लावायची ते पेशंटच्या एमआरआयवरून ठरवतात आणि त्याचा नकाशा मिळतो, दादाचा नकाशा फ्रिजवर लावलाय. चारही पट्ट्यांच्या वायरी एका डब्यात जातात, तिथून एक केबल मशीनला. मशीन आणि बॅटरी मिळून सव्वा किलोच्या आसपास, खांद्याला लावायच्या बॅगेत बसतं, पहिलं मॉडेल याच्या दुपटीहून जड होतं म्हणतात. बॅटरी दोन-तीन तास चालते, म्हणून एक लावलेली आणि बाकीच्या चार्जरवर, बाहेर जाताना जास्तीची सोबत घ्यायचीच. रात्री झोपताना प्लगला लावतो.

पट्ट्या बदलायचं काम तीन-चार दिवसांनी येतं. दादा किचनच्या खुर्चीत बसतो, मानेला टॉवेल. जुन्या पट्ट्या एकदम ओढायच्या नाहीत, कडेने बेबी ऑइल लावत लावत सोडवायच्या, घाई केली की कातडी सोलते. मग डोकं सौम्य शाम्पूने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, इलेक्ट्रिक शेव्हरने अगदी गुळगुळीत करायचं, कारण जरा जरी खुंट राहिले तरी चकत्या नीट टेकत नाहीत आणि मशीन कुरकुर करतं. ब्लेडचा रेझर नको, बारीक कापलं तरी तिथे नंतर त्रास होतो. ऑपरेशनच्या टाक्यांची रेष असते तिच्यावर चकती यायला नको. मग अल्कोहोलने डोकं पुसायचं म्हणजे तेल राहत नाही, आणि नव्या पट्ट्या मागच्या वेळेपेक्षा साधारण दोन सेंटिमीटर सरकवून लावायच्या, एका वेळी इकडे, पुढच्या वेळी तिकडे, म्हणजे कातडीला विसावा मिळतो. लाल झालं असेल तर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं औषध. हे सगळं सवयीने लवकर होतं पण सुरुवातीला हात थरथरतो, आपल्या माणसाच्या डोक्यावरची ती शिवण इतक्या जवळून बघायची आपल्याला सवय नसते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दादाच मला धीर देत होता, "हळू कर, मला काही घाई नाही".

आईला सांगलीत व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती बघतच राहिली, "अरे, हे डोक्याला काय चिकटवलंय तुला, दुखतं का रे?" दादा म्हणाला, "दुखत नाही गं आई, थोडं गरम लागतं, थंडीत बरंच आहे." तेव्हापासून रोज पहिला प्रश्न, आज किती तास झाले.

आणि तोच प्रश्न बरोबर आहे. या मशीनचा सगळा खेळ तासांचा आहे. गोळी घेतली की ती काही तास शरीरात राहते, हे बंद केलं की त्या क्षणी संपलं. दिवसात किमान १८ तास चालू राहायला हवं, म्हणजे महिन्याचे ७५ टक्के, आणि मशीन स्वतः हिशोब ठेवतं, दर महिन्याला रिपोर्ट येतो. अंघोळ, पट्ट्या बदलणं, एमआरआय, एवढं सोडलं तर बाकी आयुष्य त्याच्यासकट. स्वयंपाक, फिरणं, गाडीत मागे बसणं, देवळात जाणं, सगळं. गणपतीत दादा बॅग खांद्याला लावून आरतीला उभा राहिला आणि घरात एवढी माणसं, निरांजनं, त्यात डोक्यावर टोपी, मशीन बीप करायला लागलं कारण पट्ट्या तापल्या की ते स्वतःहून थांबतं. टोपी काढली, पंख्याखाली बसला, परत चालू झालं. लोकरीची टोपी, विग, जाड उशी यांनी गरमी अडकते, सुती रुमाल सैल बांधलेला सगळ्यात बरा. उन्हाळ्यात एसी लागतोच. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, मशीन तसंच बनवलंय आणि तसंच असायला हवं.

आता उपयोग होतो का. मोठी ट्रायल आहे, ईएफ-१४, ६९५ पेशंट, नवीन निदान झालेले, सगळ्यांचं रेडिएशन-केमो पूर्ण झालेलं. अर्ध्यांहून जास्त लोकांना टेमोझोलोमाइड आणि मशीन, बाकीच्यांना नुसतं टेमोझोलोमाइड. २०१७ च्या शेवटी जामा या मेडिकल जर्नलमध्ये पूर्ण निकाल आला, मीडियन आयुष्य मशीनवाल्यांचं २०.९ महिने, बाकीच्यांचं १६.०. ट्यूमर परत वाढायला लागेपर्यंतचा वेळ ६.७ महिने विरुद्ध ४.०. दोन वर्षांनी ४३ टक्के विरुद्ध ३१, पाच वर्षांनी १३ टक्के विरुद्ध ५. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हे महिने ट्रायलमध्ये नाव घातल्या दिवसापासून मोजलेत, निदानापासून नाही, आणि ज्यांचा ट्यूमर रेडिएशन चालू असतानाच वाढला ते लोक यात घेतलेलेच नव्हते. त्यामुळे २००५ च्या १४.६ शी हे २०.९ शेजारी ठेवून तुलना करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लोक तेच करतात.

शंका घेणारे डॉक्टर आहेत आणि त्यांचं म्हणणंही आमच्या डॉक्टरबाईंनी लपवलं नाही. ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला खोटं मशीन दिलं नव्हतं, म्हणजे कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं. मशीनवाल्यांकडे आपोआप जास्त लक्ष दिलं गेलं असेल, घरी मदत करणारं माणूस असलेलेच तयार झाले असतील, हे मुद्दे खोटे नाहीत. पण पाच महिन्यांचा फरक नुसत्या काळजीने पडतो असं मला वाटत नाही, तेवढी काळजी तर जीबीएमच्या प्रत्येक घरात घेतात. तासांच्या बाबतीतही तसंच. त्याच ट्रायलचा नंतर अभ्यास झाला, ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त वेळ मशीन लावलं त्यांचं मीडियन २४.९ महिने आणि पाच वर्षांनी २९.३ टक्के जिवंत. हा आकडा वाचून दादा म्हणाला आता झोपेत सुद्धा काढणार नाही. पण तो गट छोटा होता, चाळीसेक लोकांचा, आणि जो माणूस मुळातच धडधाकट आहे तोच एवढा वेळ लावू शकतो, त्यामुळे तासांनी आयुष्य वाढलं की चांगल्या तब्येतीने तास वाढले हे यातून वेगळं काढता येत नाही. मी तरी तास वाढवायच्याच बाजूने आहे.

साइड इफेक्टमध्ये मुख्य एकच, कातडी. ट्रायलमध्ये ५२ टक्के लोकांना सौम्य ते मध्यम त्रास झाला, गंभीर २ टक्के. उलट्या, रक्तातल्या पेशी कमी होणं, फिट्स, हे मशीनमुळे वाढलेलं दिसलं नाही. आयुष्याची गुणवत्ता मोजणारा वेगळा पेपर आला होता, त्यातही खाज सोडली तर फरक नव्हता. केमोने गळून गेलेल्या माणसावर आणखी काही न लादणारी ट्रीटमेंट मिळणं याची किंमत ज्यांनी केमोचा आठवडा पाहिलाय त्यांना कळेल.

पैशाबद्दल. महिन्याला साधारण २१,००० डॉलर अशी किंमत छापून आलेली आहे. हो, महिन्याला. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-यंत्रांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०११ साली परत आलेल्या जीबीएमसाठी आणि २०१५ साली नव्याने निदान झालेल्यांसाठी परवानगी दिली, २०१९ पासून नव्या निदानाला मेडिकेअर (मुख्यतः वयस्करांचा सरकारी विमा) पैसे देतं, जर्मनीत सरकारी विम्यातून मिळतं, पण ब्रिटनमध्ये कुठली ट्रीटमेंट सरकारी खर्चाने द्यावी ते सांगणाऱ्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की या किमतीला परवडत नाही म्हणून देऊ नका. आमच्या विमा कंपनीने पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं, कारण काय दिलं तर "प्रायोगिक". एफडीएची मंजुरी असलेली गोष्ट प्रायोगिक कशी? डॉक्टरबाईंनी त्यांच्या डॉक्टरशी फोनवर वाद घातला, पत्र लिहिलं, मग मंजूर झालं. जीबीएममध्ये आठवडे मोजायचे असतात आणि एका टेबलावर बसलेलं कोणीतरी असे आठवडे खातं याचा मला आजही राग आहे. नकार आला तर तिथे थांबू नका, अपील करा, डॉक्टरला स्वतः बोलायला सांगा.

आणि दुसरा राग. जिथे ऑपरेशन झालं तिथे आम्हाला या मशीनचं नावही कोणी सांगितलं नव्हतं, दुसरं मत घ्यायला गेलो तेव्हा कळलं. पटत नसेल तर तसं सांगा ना, पण पर्याय तरी सांगा, ठरवायचा हक्क पेशंटचा आहे.

परत आलेल्या ट्यूमरसाठी मात्र मी एवढ्या जोराने शिफारस करणार नाही. २०११ ची परवानगी ज्या ट्रायलवर मिळाली त्यात २३७ पेशंट होते, मशीन एकटं विरुद्ध डॉक्टरांच्या पसंतीचं केमो, निकाल ६.६ महिने विरुद्ध ६.०, म्हणजे केमोपेक्षा सरस ठरलं नाही, बरोबरीचं आणि शरीराला सोपं एवढंच. ज्यांना केमो अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी तेही थोडं नाही. पण घरातली बचत मोडून, खिशातून पैसे घालून तेवढ्यासाठी घ्यावं असं मी कोणाला सांगणार नाही.

पेशंटला स्वतःला हवं असेल तरच घ्या. हे मी सगळ्यात जास्त मनापासून सांगतेय. आमच्या ओळखीत एका घरी मुलांनी हट्टाने वडिलांना लावायला लावलं, त्यांना लोकांसमोर तसं जायचं नव्हतं, घरी कोणी आलं की काढून ठेवायचे, तास भरेनात, आणि रोज त्याच्यावरून भांडणं. तो वेळ त्या घराला परत मिळणार नाहीये. डोकं कायम तासलेलं, त्यावर पांढऱ्या पट्ट्या, मागून लोंबणारी वायर, दुकानात लहान मुलं बोट दाखवतात, हे सगळं रोज घेऊन जगायचं ते त्यांना, आपल्याला नाही. दादाने स्वतः ठरवलं होतं. त्याची मुलगी हायस्कूलला आहे आणि त्याला तिचं ग्रॅज्युएशन बघायचंय, असं तो सरळ म्हणतो. आणि दुसरं म्हणजे घरात दोन हात मोकळे असलेलं माणूस पाहिजे, मागची पट्टी स्वतःची स्वतःला लावता येत नाही. एकट्या राहणाऱ्याने सुरू करायच्या आधी कोण करणार ते नक्की ठरवा, शेजारी, मित्र, कोणीही. ज्यांना पेसमेकर किंवा शरीरात चालू असलेलं तसलं यंत्र आहे, किंवा कवटीचा तुकडा परत बसवलेला नाही, त्यांना हे चालत नाही. जेलची अ‍ॅलर्जी असेल तरी नाही.

सुरू करायच्या आधी अजून एक काम करा, ट्यूमरच्या टेस्टचे रिपोर्ट पूर्ण मागून घ्या, एमजीएमटी आणि आयडीएच दोन्ही, ट्यूमरच्या जीन्सच्या टेस्ट आहेत या. एमजीएमटी मेथिलेटेड, म्हणजे तो जीन बंद पडलेला, असेल तर टेमोझोलोमाइड जास्त चांगलं काम करतं, मशीनचा फायदा मात्र दोन्ही प्रकारच्या पेशंटमध्ये दिसला होता. आयडीएच म्युटेशनचा ग्रेड २ ट्यूमर असेल तर तो आजारच वेगळा, त्याच्यासाठी २०२४ मध्ये व्होरासिडेनिब नावाची गोळी मंजूर झाली, ट्रायलमध्ये ट्यूमर न वाढता २७.७ महिने गेले, गोळी नसलेल्यांचे ११.१. ही बातमी आम्हाला किमान दहा नातेवाईकांनी पाठवली, सगळ्यांचा जीव तुटतो म्हणूनच पाठवतात, पण दादाच्या जीबीएमला ती लागू नाही. कार-टीच्या (पेशंटच्या रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देतात ती ट्रीटमेंट) बातम्यांचंही तसंच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये २०२४ साली तीन पेशंटचे ट्यूमर काही दिवसांत आकसलेले दिसले, खरंच डोळ्यांत पाणी आणणारे एमआरआय आहेत ते, पण तिघांतल्या दोघांचा परत वाढला. ही वाट पुढे जाणारच असं मला वाटतं, आणि म्हणून ट्रायलचा विचार असेल तर मशीन लावायच्या आधीच विचारून घ्या, काही ट्रायल्सना ऑप्ट्यून चालतं, काहींना चालत नाही.

मशीन रेडिएशन संपल्यावर लावायचं की सोबतच, यावर ट्रायडेंट नावाची मोठी ट्रायल आखली गेली. सोबत लावण्यात तर्क आहे, कारण रेडिएशन संपून मशीन हातात येईपर्यंतचा काळ आम्हाला फार रिकामा गेला होता.

दादाचा मागचा एमआरआय स्टेबल आला. पुढचा आला की काय होईल ते होईल, आम्ही तास भरतोय.

शेवटी भारतातून जे विचारतात त्यांच्यासाठी, कारण मला सांगली-कोल्हापूरकडून फोन येतात, "ताई, एक मशीन पाठवता येईल का, पैसे आम्ही देतो." नाही पाठवता येत हो. पट्ट्या सतत नव्या लागतात, नकाशा त्याच पेशंटच्या एमआरआयवरून लागतो, तो ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरकडूनच येतो, आणि कोणाचं वापरलेलं मशीन घेऊन अंदाजाने पट्ट्या लावल्या तर क्षेत्र ट्यूमरवरून जाईलच असं नाही. ते पैसे आधी चांगल्या रेडिएशनला आणि टेमोझोलोमाइडचे सगळे सायकल पूर्ण करायला ठेवा, भारतात ही गोळी जेनेरिक मिळते आणि त्या गोळीशिवाय या मशीनचे वरचे आकडेही उभे राहत नाहीत. परळचं टाटा आणि त्यांचंच खारघरचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक इथे ब्रेन ट्यूमरवर वर्षानुवर्षं काम चालू आहे, लहान मुलं आणि तरुणांच्या कमी ग्रेडच्या ट्यूमरवर नेमकं रेडिएशन दिलं तर बुद्धी जास्त चांगली टिकते हे टाटाच्याच २०० पेशंटच्या ट्रायलने २०१७ मध्ये दाखवलंय. तिथे फाइल आणि स्लाइड्स घेऊन एकदा जा, आणि सध्या कुठली ट्रायल चालू आहे का हे तोंडाने विचारा, बऱ्याच वेळा विचारल्याशिवाय कळत नाही.